हाविसा, पाद्र्याची बायको

१२ फेब्रुवारी, सोमवार

दुसरं प्रकरण पाठवलं. अ‍ॅलिसनला आणि कमिटीच्या बाकी दोघांना एकाच मेलमध्ये, म्हणजे आता माघार नाही. बाहेर बर्फ, आत हीटरची खडखड. पिठलं केलं. भाकरी म्हणून टॉर्टिया. चालतं.

अ‍ॅ. म्हणते, कमिटीसमोर विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे. गाइड म्हणून देवमाणूस आहे ती, चार वर्षांत आवाज चढवलेला नाही, म्हणूनच तिची जास्त भीती वाटते. तर सराव इथेच: अकराव्या शतकात रोमने चर्च साफ करायला घेतलं. तोवर खेडोपाडी पाद्री लग्न करून, मुलंबाळं घेऊन सुखाने राहत होते, बापामागे मुलगा चर्च सांभाळत होता. आता ठरलं की बाईला शिवलेले हात वेदीला लागता कामा नयेत. पाद्री बायको सोडत नसेल तर तिथल्या सरदाराने त्या बाईला गुलाम करावं, असाही ठराव झाला. ज्या पोपच्या सभेत तो झाला, त्यानेच पुढे काही वर्षांनी जेरुसलेम साफ करायची हाक दिली. माझं म्हणणं, या दोन मोहिमा नव्हेतच. एकच आहे.

एक वाक्य म्हणाले आणि परिच्छेद झाला. नागपूरकर.

कमिटी एप्रिलमध्ये. पास झालं तर उन्हाळ्यात नॉर्मंडीला, मूळ कागद बघायला. नाही झालं तर विषय बदला. चौथ्या वर्षी विषय बदलणं म्हणजे घरी जाण्याची तयारी करणं. मी बदलणार नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

अ‍ॅ.चं उत्तर आलं. ‘पॉवरफुल’ म्हणाली. साक्षीदारांचा भाग फार आवडला तिला.

मलाही तोच आवडतो, खोटं कशाला बोलू. एका मठाची दानपत्रं आहेत, शेत दिलं, गिरणी दिली, असली. खाली साक्षीदार. सुरुवातीला ‘अमुक, पाद्र्याचा मुलगा’ असं लिहिलेलं. मग एका वर्षानंतर तीच माणसं, तीच नावं, फक्त ‘पाद्र्याचा मुलगा’ गळालेलं. मी बघितल्याबरोबर ओळखलं. बाप लपवायला लागले होते ते. आमच्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या घराण्यात आडनाव बदललेले आजोबा आहेत. म्हणून तर मी वडगावकर.

सनाला वाचून दाखवलं. सना शेख, माझी रूममेट, औरंगाबादची, सिव्हिलमध्ये पीएच.डी. करते, माती दाबून बघत असते दिवसभर. तिने कांदा चिरता चिरता ऐकलं. “यार, बिचारे. आणि मग हेच बिचारे निघाले माझ्या लोकांना मारायला?”

“त्यांच्यातले काही.”

“हां. मग इतकं रडू नकोस त्यांच्यासाठी.”

कांदा तिच्या हातात होता आणि उपदेश मला. 

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हिटलॉकसरांची मेल. कमिटीतले सगळ्यात वयस्कर, सारं आयुष्य असली दानपत्रं वाचण्यात गेलेलं. इकडे कुणी कुणाला सर म्हणत नाही, पण त्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. पूर्ण प्रकरणावर त्यांचा एकच शेरा, तोही समासात. त्या वर्षानंतर बाकीच्या साक्षीदारांचे बाप दिसतात का?

बास. एवढंच.

मी बाकीच्यांकडे बघितलंच नव्हतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

नाही दिसत.

शेतकऱ्याचा बाप नाही. गिरणीवाल्याचा बाप नाही. घोडेस्वारांचेही बाप गेले. त्या वर्षी मठात नवा लेखनिक आला असणार, त्याला बापाचं नाव लिहायचा कंटाळा. नुसतं ‘रॉबर्ट’, ‘ह्यू’, संपलं. कुणी काही लपवलेलं नाही. मी एका आळशी माणसाच्या हस्ताक्षरात अख्ख्या समाजाची लाज वाचली.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसरा शब्द नाही. हे इथे जन्मलेल्या कुणाच्या हातून झालं नसतं. त्यांनी आधी सगळी यादी बघितली असती. मला बघायची गरजच वाटली नाही, कारण मला उत्तर घरूनच माहीत होतं.

रडले. मग भांडी घासली. सनाच्या वाटणीची पण घासली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

अ‍ॅ.च्या ऑफिसात. आधी चहा दिला, म्हणजे बातमी वाईट. म्हणाली, प्रकरण दोन सोडून दे. बिशपांच्या पत्रव्यवहारावर तुझं पहिलं प्रकरण पक्कं आहे, त्यावरच प्रबंध उभा कर, कमिटी हसत पास करेल. युद्धाचा भाग शेवटी चार पानांत उरकता येईल.

“आणि बायका?”

“देअर इज नो एव्हिडन्स, मित्रा. त्या काही लिहून गेल्या नाहीत.” 

संघमित्राचं मित्रा इथल्यांनीच केलं. मला आवडतं. पण आज त्या नावाने हाक मारून मला समजावलं जात होतं, ते आवडलं नाही.

मग ती जे बोलली ते जपून बोलली. “लोक म्हणतील, तू स्वतःबद्दल लिहितेस आणि त्याला अकरावं शतक म्हणतेस.” तिला दुखवायचं नव्हतं, माहीत आहे. दुखलं. आई म्हणते ना, कावीळ झालेल्याला जग पिवळं. अ‍ॅ. तेच म्हणाली, फक्त चहा पाजून.

एप्रिलपर्यंत मुदत मागितली. दुसरं प्रकरण नवं लिहीन म्हटलं. कशावर लिहिणार, विचारलं तिने. माहीत नाही म्हटलं. हो म्हणाली एकदाची, पण तोंड उतरलं होतं तिचं.

बस चुकली. चालत आले. रागाने चाललं की थंडी वाजत नाही.

३ मार्च, रविवार. नेपरव्हिल

स्प्रिंग ब्रेक. शिकागोकडे जाणाऱ्या एकाबरोबर राइड मिळाली, दिवसभर मक्याची रिकामी शेतं बघत आले. नितीनदादाकडे. काकांचा मुलगा, पण सख्ख्यापेक्षा सख्खा, मला व्हिसाचे कागद भरायला यानेच शिकवलं. वहिनीने दारातच डबे दाखवले, परत जाताना न्यायचे. आर्या आता चौदाची, माझ्याहून उंच. “आत्या, यू लुक टायर्ड.” थँक्यू बेटा.

लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलंय. बघू.

५ मार्च, मंगळवार

उघडला. काही हाती लागलं नाही. वहिनी म्हणाली, “तुझं काम म्हणजे मेलेल्यांची उणीदुणी काढायची.” मग मला मटार सोलायला बसवलं. बरं वाटलं.

९ मार्च, शनिवार

शॉमबर्गला दादाच्या ऑफिसातल्या मित्राकडे जेवण. मराठी मंडळी, वीसेक जण, तळघरात कॅरम, वर पावभाजी. मंडळाचे एक काका माझ्या शेजारी येऊन बसले. क्रुसेडवर पीएच.डी. करते कळल्यावर एकदम खूश. 

“अगं मग आमच्या मंडळात बोल की! मुलांना कळू दे, युरोपने त्या लोकांना कसा धडा शिकवला. आपण काय, नुसतं सोसत बसलो.”

मी म्हटलं, “काका, ते निघाले जेरुसलेमला, पण वाटेत आधी आपल्याच गावांतल्या ज्यूंना कापत गेले. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी. आणि त्याच्याही आधी आपल्याच पाद्र्यांच्या बायका घराबाहेर काढल्या. शिकवणं घरापासूनच सुरू झालं होतं. त्यावर बोलू का?”

काकांनी पाव मोडला. “आडनाव काय म्हणालीस?”

“वडगावकर.”

“वडगाव म्हणजे नक्की कुठलं? मूळचे कोण तुम्ही?”

हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आर्या, तोंडात पाव, “वुई आर बुद्धिस्ट, अंकल. माय ग्रेट-ग्रँडफादर कन्व्हर्टेड. इट्स अ प्रिटी बिग डील.”

काका म्हणाले, “अरे वा. छान. मेडिटेशन वगैरे.” आणि गुलाबजाम आणायला उठले ते परत आलेच नाहीत. त्यांचं आडनाव मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भाषणाचं आमंत्रणही तिथेच राहिलं.

गाडीत वहिनी भडकलेली. दादा गाडी चालवत होता. मी म्हटलं, “शेवटी आजोबांनी आडनाव लपवून काय मिळवलं? दोन पिढ्यांनंतर पावभाजी खाताना विचारतातच.”

दादाने आरशातून बघितलं माझ्याकडे. “लपवून? कुणी लपवलं?”

मला खरंच माहीत नव्हतं. मी जन्मले तोवर आजोबा गेलेले, आणि घरात नुसतं ‘आडनाव बदललं’ एवढंच बोलायचे. दादाने सांगितलं ते असं. आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. साहेब नावाने हाक मारत नसे, आडनावाने मारायचा, आणि ते असं ताणून म्हणायचा की आजूबाजूचे हसत. धम्म घेतल्यानंतर आजोबांनी ठरवलं, हे नाव यांनी दिलंय, यांचं यांना परत. वकील गाठला, सरकारी राजपत्रात जाहीर छापून घेतलं. ज्या दिवशी छापून आलं त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. साहेबाच्या टेबलावर पण ठेवला एक. राजपत्राचं पान भिंतीला चिकटवलं, आजपासून या नावाने हाक मारायची म्हणून.

दादा म्हणाला, “लपवणारा माणूस पेढे वाटतो का गं, मितू?”

मला इतकं लाजल्यासारखं झालं आणि इतका अभिमान वाटला की कुठलं आधी म्हणू कळेना. आर्याने विचारलं, “व्हॉट इज अ पेढा, अगेन?” वहिनी म्हणाली, “उद्या करते.”

१० मार्च, रविवार. परतीच्या वाटेवर

एका पेट्रोल पंपावर लिहितेय. नाव गाळण्याचं कारण लाज असतं, हे मी माझ्याच घराबद्दल चुकीचं समजत होते, मग नॉर्मंडीचं काय सांगणार. लाज, राग, कंटाळा, लेखनिक. नुसत्या यादीवरून कळत नाही.

पण दुसरी एक गोष्ट सकाळपासून छळतेय. माझ्या टिपणांत एक बाई आहे जिला मी बाजूला टाकलं होतं. कारण ती काहीच लपवत नव्हती. माझ्या सिद्धान्तात बसेना, म्हणून सोडून दिली. 

१३ मार्च, बुधवार

सापडली. हाविसा.

विधवा आहे. मठाला नदीकाठचं शेत देतेय. बदल्यात मठाने तिच्या मुलाला, फुल्क नाव त्याचं, जेरुसलेमला जायला खेचर आणि चांदी द्यायची. असे करार तेव्हा पुष्कळ व्हायचे. पण हिची ओळख लिहिलीय ती अशी: हाविसा, पाद्री राल्फची बायको. मुलगा फुल्क, पाद्री राल्फ आणि त्याची बायको हाविसा यांचा. आणि हे सगळं ते ठराव झाल्यानंतर, जेव्हा असल्या बाईला बायको म्हणायचंच नाही असा हुकूम आहे.

आता मजा अशी की हे लिहिणारा आमचा तोच आळशी लेखनिक. सगळ्यांचे बाप गाळणारा. इथे मात्र बाप, आई, लग्न, सगळं सविस्तर.

नाचले मी स्वयंपाकघरात. सनाचा रोजा, तिला पाणीसुद्धा नाही, ती म्हणाली, “तू नाच, मी बघते, ताकद नाही.”

पण थांब. परत बाशिंग नको. व्हि. सर काय विचारतील? लेखनिक सगळ्याच पाद्र्यांच्या बायकांना बायको लिहीत असेल तर? जुन्या सवयीने?

सगळी दानपत्रं परत. पहिल्यापासून. या वेळी सगळ्यांची.

१९ मार्च, मंगळवार

झालं. डोळे गेले, पण झालं.

त्या लेखनिकाच्या लिखाणात आणखी दोन पाद्र्यांच्या बायका आल्यात. दोघींना त्याने ‘ठेवलेली’ म्हटलंय. म्हणजे त्याला नियम माहीत होता आणि तो पाळत होता. फक्त हाविसाच्या वेळी मोडला. का?

शेत. नदीकाठचं, मठाच्या गिरणीला लागून असलेलं. मठाला ते वर्षानुवर्षं हवं होतं, आधीच्या दोन कागदांत त्याच्यावरून भांडण आहे. बाईला ते माहीत असणार. शेत पाहिजे ना? मग बायको लिहा.

हे मी घरून आणलेलं नाही. कागदावर आहे. परत परत तपासलं, तरी तिथेच आहे.

आणि युद्धाशी धागा आपोआप जुळला. ज्या सभेत जेरुसलेमची हाक दिली, त्याच सभेच्या ठरावांत आहे की असल्या मुलांनी मठात शिरावं, नाहीतर पाद्री होता येणार नाही. फुल्कच्या बापाचं चर्च फुल्कला बंद. आणि त्याच सभेने सांगितलं की जेरुसलेमला जा, सगळी प्रायश्चित्तं माफ होतील. एका हाताने डाग लावला, दुसऱ्या हाताने तो धुवायची वाट दाखवली. वाटेच्या टोकाला माणसं मारायची होती. 

२२ मार्च, शुक्रवार

सनाशी भांडण. इफ्तारला बसलो होतो, खजूर, भजी, माझी साबुदाण्याची खिचडी (ती हिला का आवडते देव जाणे). मी नवीन पानं वाचून दाखवली. फुल्कचं खेचर, आईचा निरोप, बंद झालेलं चर्च. चांगलं लिहिलंय मी.

ती ऐकून म्हणाली, “जेरुसलेमला लोक राहतात का तुझ्या?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्या चॅप्टरमध्ये फुल्कला आई आहे. बाप आहे, खेचर पण आहे. तिकडच्यांना काय आहे? माझे लोक तुझ्याकडे फक्त शेवटच्या ओळीत मरायला येतात.”

मी म्हटलं माझा विषय पाद्र्यांच्या बायका आहे. ती म्हणाली, “हो ना. प्रत्येकाचा विषय दुसराच असतो.” आणि उठून नमाजला गेली.

खूप राग आला. तिची खिचडी मीच संपवली. मग राग गेला आणि ती बरोबर आहे हे उरलं. हाविसा आवडली म्हणून मी फुल्कला माफ करून टाकलं. ज्याला दाराबाहेर काढलं तो दुसऱ्याच्या दारात तलवार घेऊन उभा राहिला, तर त्याचं दुःख खरं आणि तलवारही खरी. दोन्ही लिहायला पाहिजे. आपल्याकडे पण बघितलेत मी असे, स्वतः लाथा खाल्लेले आणि दंगलीत सगळ्यात पुढे.

२४ मार्च, रविवार

सनाला विचारून अरबी इतिहासाच्या विभागातल्या बाईंकडून शहर पडलं त्या वेळच्या नोंदींची भाषांतरं मिळवली. शहर सोडून पळालेले काझीबरोबर खलिफाच्या दरबारात जाऊन रडले, त्यांचं. तिथेही आया आहेत. पाच पानं वाढवली. फुल्क तिथवर पोचला की नाही ते माहीत नाही, तसंच लिहिलं. पोचला असेल तर त्याने काय केलं असेल, तेही लपवलं नाही.

सना म्हणाली, “आता ठीक.” मग म्हणाली, “खिचडी ठेवायची होतीस थोडी.”

१ एप्रिल, सोमवार

अ‍ॅ.ने नवं प्रकरण वाचलं. एप्रिल फूल नाही ना, विचारलं, हसली.

मग हसू गेलं. बाई मोलाची आहे म्हणाली. पण एक बाई म्हणजे प्रकरण नव्हे. तळटीप कर. मोठी, सुंदर तळटीप. कमिटीसमोर एवढं सगळं एकाच कागदावर टाकलंस तर व्हि. तुला उभी चिरेल, आणि मी वाचवू शकणार नाही.

मी म्हटलं, “तिच्याबद्दल नऊशे वर्षं कुणी तळटीपसुद्धा केली नाही. मी प्रकरण करणार.”

“इट्स युअर करिअर, मित्रा.”

“आय नो.”

बाहेर आल्यावर आईला फोन केला, तिकडे पहाट, ती तशीही उठलेली असते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्या बाईच्या शेताचं काय झालं?” मठाने घेतलं, म्हटलं. “आणि पोरगा?” माहीत नाही. आई म्हणाली, “वेडी. पोरगं असं घालवलं.” मी हाविसाला लढवय्यी करून ठेवलीय, आईला त्यात फक्त पोर गमावलेली बाई दिसली. तेही एका वाक्यात टाकलं रात्री. आई नाही, पण वाक्य जाईल कमिटीपुढे.

५ एप्रिल, शुक्रवार

दादाचा फोन. शॉमबर्गच्या त्या काकांनी मंडळाच्या ग्रुपवर क्रुसेडचं काहीतरी तलवारवालं फॉरवर्ड केलं. दादाने त्याखाली लिहिलं, माझी बहीण यावरच पीएच.डी. करतेय, तिला बोलवा, खरं काय ते सांगेल. आणि खाली सही, नितीन वडगावकर, बौद्ध, नागपूर. 

“काय आलं उत्तर?”

“एकाने नमस्काराचे हात टाकलेत. बाकी शांत.” मग म्हणाला, “ऑफिसातले तिघं आहेत गं त्या ग्रुपवर. सोमवारी बघू.” हसत होता, पण आवाज जरा वरचा होता त्याचा. मी जयभीम म्हटलं, तोही जोरात म्हणाला.

१० एप्रिल, बुधवार

ईद. सनाने शीरखुर्मा केला, दूध उतू घालवलं, दोघींनी शेगडी घासली. उद्या दहाला कमिटी. माझा ब्लेझर तिने इस्त्री केला. मी म्हटलं सणाच्या दिवशी नको. म्हणाली, “गप बस, तुझे फुल्क-बिल्क पास झाले पाहिजेत.”

व्हि. सर काय काय विचारतील याची उजळणी केली. शेवटी एक प्रश्न राहतोच. तू हे स्वतःबद्दल लिहितेस का? तीन उत्तरं तयार केली. तिन्हींत मी नाहीच म्हणते. तिन्ही गुळगुळीत.

११ एप्रिल, गुरुवार. विभागातला कॉरिडॉर

बाहेर बसवलंय. आत तिघं बोलतायत. आवाज येतो, शब्द नाही. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.

सुरुवात बरी झाली. अ‍ॅ.ने ओळख करून दिली, आवाज नेहमीचा. कमिटीतल्या तिसऱ्या बाईंनी जेरुसलेमच्या पानांवर चांगलं विचारलं, चांगली उत्तरं दिली. मग व्हि. सर. लेखनिकावर अर्धा तास. कुठला कागद आधी, कुठला नंतर, ‘ठेवलेली’ हा शब्द त्याचा की मठाधिपतीचा. एकदाही अडले नाही. मी माझी जुनी चूकही सांगितली, आधी आपणहून. तुमच्या एका ओळीने माझं प्रकरण पाडलं आणि त्यातूनच हे उभं राहिलं म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“एका बाईवर सगळा प्रबंध लावायची तयारी आहे?”

“हो.”

“उन्हाळ्यात मूळ कागद बघितल्यावर कळलं की ‘बायको’ हा शब्द नंतर कुणी घुसडलाय, तर?”

“तर तसं लिहीन. पण बघायला जायला हवं.”

अ‍ॅ. माझ्याकडे बघत नव्हती. मग त्यांनी ते विचारलंच. सौम्यपणे, खरं जाणून घ्यायचं असल्यासारखं. हे तिच्याबद्दल आहे की तुझ्याबद्दल?

तिन्ही उत्तरं डोक्यात होती. एकही बाहेर येईना. म्हटलं, “दोघींबद्दल. पण पुरावा सगळा तिचा आहे.”

तिसऱ्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग अ‍ॅ. म्हणाली, प्लीज, जरा बाहेर थांबशील?

भीती वाटतेय. खूप वाटतेय. हे नाही म्हणाले तर पुढे काय, ते ठाऊक नाही. पण जे बोलले त्यातला एक शब्द परत घेणार नाही, आत बोलावून विचारलं तरी नाही. आजोबांना राजपत्र छापून यायच्या आदल्या रात्री असंच वाटलं असेल का. विचारायला कुणी उरलं नाही.

आत खुर्ची सरकली. दार उघडेल वाटलं, नाही उघडलं. व्हि. सरांचाच आवाज चढलाय, आणि मध्येच अ‍ॅ.चा. चार वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज दाराबाहेर ऐकू येतोय. कुणाच्या बाजूने, ते कळत नाही.